आधी पाणी, मग वीज

कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कला मे महिन्यातली पहाट म्हणजे कडाक्याची थंडी. गाव समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांवर, रात्री पारा शून्याच्या आसपास. आई-बाबा सांगलीहून आले होते आणि त्यांना आमच्या ट्रेलरमधून रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान दाखवायचं, असा बेत होता. त्या वर्षातली आमची ती पहिलीच फेरी. रात्री मुक्कामाला पोचल्यावर मी कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला वायर जोडली, पाण्याचा पाइप लावला, वॉटर हीटरचं विजेचं बटण दाबलं आणि झोपलो. पहाटे साडेपाचला आई आंघोळीला गेली ती लगेच बाहेर आली. ‘‘पाणी अगदीच गार आहे रे,’’ म्हणाली. आईची आंघोळ झाल्याशिवाय चहा होत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी टॉर्च घेऊन कामाला लागलो. खांबावर वीज होती, ट्रेलरमधले दिवे लागत होते, हीटरचा ब्रेकर वरच होता. बाबा शाल गुंडाळून मागे उभे. त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘‘टाकीत पाणी आहे का?’’ मी गरम पाण्याचा नळ सोडून दाखवला. धो धो पाणी आलं. बाबा म्हणाले, ‘‘ते नळात आहे. टाकीत आहे का?’’

बाबा लहान असताना सांगलीच्या घरी तांब्याचा बंब होता. त्या घरातला नियम असा की आधी बंब भरायचा, मग विस्तव घालायचा. रिकामा बंब पेटवला तर सांध्यांचे डाग सुटतात आणि बंब कायमचा गळका होतो. बाबांनी आरव्हीचा हीटर त्याआधी कधी पाहिला नव्हता, पण बंब त्यांना माहीत होता. त्या पहाटे दुखण्याचं नेमकं नाव त्यांनीच सांगितलं.

ते कसं, हे समजायला हा हीटर आधी नीट बघावा लागेल.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. मग ते स्वतःच्या इंजिनावर चालणारं मोटारहोम असो की गाडीमागे ओढायचा ट्रेलर. अमेरिकेत अशी बहुतेक घरं इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहराच्या आसपास तयार होतात. त्यांच्यातला वॉटर हीटर बाहेरच्या भिंतीत बसवलेला असतो आणि त्याचं झाकण बाहेरून उघडतं. टाकी साधारण 6 किंवा 10 गॅलनची. 6 गॅलन म्हणजे जेमतेम 23 लिटर, आपल्याकडच्या 25 लिटरच्या गीझरएवढी. फरक असा की आपला गीझर एकाच विजेवर चालतो आणि या हीटरला दोन वेगवेगळ्या विजा लागतात. लोक नेमके इथेच गोंधळतात.

पहिली वीज खांबावरून येणारी, 120 व्होल्टची. ती टाकीतल्या एलिमेंटला, म्हणजे आपण ज्याला कॉइल म्हणतो तिला, तापवते. दुसरी वीज ट्रेलरच्या बॅटरीवरची, 12 व्होल्टची. ती पाणी तापवत नाही. प्रोपेन गॅसचा व्हॉल्व्ह उघडणं, ठिणगी पाडणं आणि ज्योत पेटली की नाही यावर नजर ठेवणं एवढंच तिचं काम. एकाच टाकीला खालून गॅसची ज्योत आणि आतून विजेची कॉइल, अशा या दोन स्वतंत्र चुली आहेत. एक बंद पडली तरी दुसरी चालू शकते. म्हणून पाणी गार आलं की पहिला प्रश्न हा, की दोन्हींतली कोणती चूल पेटत नाही? विजेवर तापत नसेल तर गॅसवर लावून बघा. गॅसवर तापलं, तर टाकी, नळ आणि पाणी ठीक आहे आणि दोष 120 व्होल्टच्या वाटेवर आहे, हे पाच मिनिटांत कळतं. पण त्याआधी टाकीत पाणी आहे याची खात्री हवी, कारण रिकाम्या टाकीखाली ज्योत लावणं म्हणजे रिकामा बंब पेटवणंच.

आता माझ्या चुकीकडे येतो. अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्याआधी आरव्हीच्या नळांतलं पाणी काढून त्यात गुलाबी रंगाचं गोठणरोधक द्रव भरतात. हीटरच्या टाकीत ते भरायला गॅलनच्या गॅलन लागेल, म्हणून टाकी रिकामी करून तिला वळसा घालतात. हीटरच्या मागे तीन कॉक असतात. थंड पाणी टाकीत नेणारा एक, गरम पाणी बाहेर आणणारा दुसरा, आणि या दोघांना परस्पर जोडणारा तिसरा. पहिले दोन बंद करून तिसरा उघडला की पाणी टाकीत न शिरता थेट गरम नळाकडे जातं. मी ऑक्टोबरात ते केलं होतं. वसंतात नळ धुऊन काढले आणि कॉक पूर्ववत करायचे विसरलो.

यातली खरी फसगत अशी, की वळसा चालू असताना गरम पाण्याच्या नळाला भरपूर पाणी येतं. धार जोरकस आणि स्वच्छ असते, फक्त गार. माणूस ती धार बघून टाकी भरली आहे असं समजतो आणि कॉइल चालू करतो. पाण्यात बुडालेली कॉइल आपली उष्णता पाण्याला देत राहते. हवेत ती उष्णता द्यायला कोणी नसतं, कॉइल लाल होते आणि थोड्याच वेळात आतली तार तुटते. रात्री बटण दाबून मी झोपायला जाईपर्यंत माझी कॉइल बहुधा संपली होती.

टाकीत पाणी आहे की नाही, हे नळ सांगत नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह सांगतो. बाहेरचं झाकण उघडलं की वरच्या बाजूला पितळी तोटी आणि तिच्यावर छोटी दांडी दिसते. टाकी थंड असताना ती दांडी हळूच उचलायची. पाणी उसळून आलं तर टाकी भरलेली आहे. त्या पहाटे मी दांडी उचलली आणि नुसती हवा सुटल्याचा ‘फुस्स’ आवाज आला. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी टॉर्च माझ्या हातावर धरून ठेवला.

मी हीटरचा ब्रेकर पाडला, कॉक पूर्ववत केले आणि टाकी भरू दिली. भरताना गरम नळ आधी खूप वेळ थुंकल्यासारखा हवा सोडत होता, मग धार एकसारखी झाली. पुन्हा दांडी उचलली, पाणी आलं. मग गॅसचं बटण दाबलं. टक टक टक, आणि ज्योत पेटली. अर्ध्या तासात आईला कढत पाणी मिळालं. कॉइल जळाली होती, गॅसची चूल शाबूत होती. मी गॅस आधी लावला नव्हता, ते बरं झालं.

कॉइल खरंच जळाली आहे हे कसं ठरवायचं? इथे थोडा हिशेब लागतो, आणि तो प्रत्येक आरव्हीवाल्याने एकदा हाताने करावा असं मला मनापासून वाटतं. या हीटरची कॉइल बहुधा 1440 वॅटची असते. 1440 ला 120 व्होल्टने भागलं की 12 अँपिअर. 120 व्होल्टला 12 अँपिअरने भागलं की 10 ओहम. म्हणजे धडधाकट कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर आकडा 10 च्या आसपास यायला हवा. मीटरवर ओ. एल. अशी अक्षरं आली किंवा आकडाच आला नाही, तर आतली तार तुटली आहे.

मोजण्याची रीत महत्त्वाची आहे. आधी हीटरचा ब्रेकर पाडायचा, खांबावरची वायर काढायची, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करायचे. इन्व्हर्टर बरेच लोक विसरतात आणि बॅटरीवरून तोच 120 व्होल्ट देत राहतो. मग टेस्टरने वीज नाही याची खात्री करायची. हीटरचा मागचा भाग पलंगाखाली किंवा ओट्याखाली एखाद्या फळीआड असतो, अनेक हीटरमध्ये कॉइलची टोकं तिथे सापडतात. निदान एका टोकाची वायर सोडवूनच मोजायचं, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने आकडा दाखवतो. दुसरं मापन टोक आणि टाकीचा धातू यांच्यामध्ये. तिथे मीटरने कोणताही आकडा दाखवता कामा नये. दाखवलं, तर कॉइलच्या वेष्टनाला भोक पडून आत पाणी शिरलं आहे आणि वीज पाण्यात उतरते आहे. अशी कॉइल पाणी तापवत असली तरी त्याच दिवशी काढून टाकावी.

या गळतीची एक खूण घरीच दिसते. पुष्कळ जण प्रवासाआधी ट्रेलर गॅरेजमधल्या प्लगला जोडून ठेवतात. अमेरिकेत गॅरेजच्या प्लगला गळती ओळखणारं संरक्षण असतं. सुमारे 5 मिलिअँपिअर गळती झाली की ते प्लग बंद करतं. आपल्याकडे घरात बसवतात तो आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे हा त्याच्यापेक्षा कितीतरी हळवा. हीटर लावल्याबरोबर गॅरेजचा प्लग पडत असेल, तर प्लगला दोष देऊन दुसरा प्लग शोधू नका. कॉइल तपासा.

कॉइल ठीक निघाली, तर उगमापासून हीटरकडे चालत यायचं. खांबावरचा ब्रेकर, मोठी वायर, ट्रेलरच्या आतला मुख्य ब्रेकर, हीटरचा ब्रेकर, भिंतीवरचं बटण, हीटरमागची जोडणीची पेटी, थर्मोस्टॅट, आणि शेवटी कॉइल. ज्या ठिकाणी वीज आहे आणि त्याच्या पुढच्या ठिकाणी नाही, त्या दोघांच्या मध्ये दोष. सबर्बन कंपनीच्या हीटरना एक जास्तीचं बटण असतं आणि ते बाहेरच्या झाकणाआड, डाव्या कोपऱ्यात खाली दडलेलं असतं. सेकंडहँड ट्रेलर घेतलेल्या कितीतरी लोकांना ते आहे हेच माहीत नसतं. आतलं बटण दाबून दाबून थकलेल्या दोघांना मी ते बाहेरचं बटण दाखवलं आहे. हीटर ठणठणीत होते.

जोडणीची पेटी मात्र थांबून बघण्यासारखी आहे. आपला घरातला 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. हा हीटर वॅटने कमी, पण व्होल्ट निम्मे असल्यामुळे 12 अँपिअर ओढतो. सैल सांध्यात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तसाच सैल सांधा इथे जवळपास दुप्पट तापतो. त्यातून हे घर रस्त्यावर तासन्‌तास हादरत असतं. वायरी पिळून टोपीसारखे नट बसवलेले असतात, ते ढिले होतात, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग काळं. पेटी उघडल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर पुढे शोधायची गरज नाही. जळका भाग कापून तांबं चकचकीत दिसेपर्यंत सोलायचं आणि नवा नट घट्ट बसवायचा.

कधीकधी काहीच बिघडलेलं नसतं, नुसता भार जास्त झालेला असतो. 30 अँपिअरच्या खांबावर एकूण 3600 वॅट मिळतात. हीटरचे 12 अँपिअर, छतावरच्या एसीचे साधारण 13, त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की त्याचे आणखी 13. बेरीज 38 होते आणि ब्रेकर पडतो. घरी गीझर चालू असताना इस्त्री लावू नको म्हणतात, तेच हे. 50 अँपिअरच्या खांबाला 120 व्होल्टच्या दोन वेगळ्या तारा असतात, म्हणून तिथे 12,000 वॅट मिळतात आणि ही ओढाताण होत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्या कॅम्पग्राउंडचे एसी सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. ते 108 वर आलं, म्हणजे फक्त दहा टक्क्यांनी घटलं, तरी 1440 वॅटची कॉइल 1166 वॅटच देते. पाणी उशिरा तापतं, एवढंच. एरवीही 15 अंशांचं 6 गॅलन पाणी 55 अंशांवर न्यायला या कॉइलला पाऊण तास लागतो. वीस मिनिटांनी नळाखाली हात धरून हीटर बिघडला म्हणणाऱ्याने आधी घड्याळ बघावं.

थर्मोस्टॅटला एक मोठा भाऊ असतो. थर्मोस्टॅट साधारण 54 अंश सेल्सिअसला वीज तोडतो आणि पाणी निवलं की जोडतो. तो चिकटून बसला तर पाणी तापतच जाईल, म्हणून 82 अंशांच्या सुमारास दुसरा कट-आउट वीज तोडतो आणि हाताने बटण दाबेपर्यंत ती परत येत नाही. सबर्बनमध्ये रबरी टोपीखाली त्याची दोन बटणं असतात, एक 12 व्होल्टच्या वाटेवरचं आणि दुसरं 120 च्या. हीटर गार झाल्यावर ते एकदा दाबून बघायला हरकत नाही. पुन्हा पडलं तर दाबत बसू नका. 82 अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी क्षणात भाजते. तो थर्मोस्टॅट बदलायचाच.

12 व्होल्टची वाट वेगळी आणि तिची लक्षणंही वेगळी. गॅसचं बटण दाबल्यावर कान देऊन ऐका. काहीच आवाज नाही, बिघाड सांगणारा लाल दिवाही नाही, तर 12 व्होल्ट पोचतच नाहीत. फ्यूज बघा, बॅटरी बघा, कट-आउट बघा. अ‍ॅटवूडच्या हीटरमध्ये (2014 पासून ही कंपनी डोमेटिककडे आहे) या वाटेवर पारदर्शक नळीत आणखी एक छोटा फ्यूज असतो, तो ज्योतीच्या झळीने वितळतो. ज्योत पुढे जायची सोडून मागे का आली, याचं कारण पुष्कळदा बर्नरच्या नळीतलं कोळ्याचं जाळं किंवा गांधीलमाशीचं घर असतं. फ्यूज बदलून नळी तशीच ठेवली तर तो पुन्हा वितळेल.

टक टक आवाज येतो पण ज्योत पेटत नाही, तर गॅस पोचत नाही किंवा त्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही. बॅटरी साडेदहा व्होल्टच्या खाली गेली की ठिणगी पडत राहते आणि व्हॉल्व्हची गुंडाळी मात्र उचलत नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. ज्योत छान पेटते, काही सेकंद जळते आणि आपोआप विझते. मग लाल दिवा. लोक गॅसवर संशय घेतात, दोष बहुधा नजर ठेवणाऱ्यात असतो. पेटत्या ज्योतीतून अगदी सूक्ष्म करंट, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा असा, वाहू शकतो. सर्किट बोर्ड त्यावरून ज्योत आहे असं समजतो. ठिणगीच्या सळईवर काजळी किंवा गंज चढला, किंवा तिची अर्थिंगची जोडणी सैल झाली, की बोर्डला ज्योत दिसत नाही आणि तो गॅस बंद करतो. त्याचं वागणं बरोबर आहे, कारण न दिसणाऱ्या ज्योतीला गॅस देत राहणं जिवावर बेतलं असतं. सळई बारीक पॉलिश पेपरने घासा, तिच्यातलं अंतर 3 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. बोर्डच्या कडेचे संपर्क काळे पडले असतील तर शाळेतला खोडरबर फिरवा. बोर्ड महाग असतो, आणि बदललेले कित्येक बोर्ड मुळात चांगलेच असतात. गॅसचा वास येत असेल तर मात्र यातलं काही करू नका. सिलिंडर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा.

एक गोष्ट मी कोणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. आरव्ही रबरी चाकांवर उभी असते, तिचा जमिनीशी धातूचा संबंध नसतो. तिचं अर्थिंग फक्त त्या एका वायरीतून, खांबाच्या तिसऱ्या पिनेपर्यंत. ती पिन तुटली असेल किंवा खांबातच अर्थिंग नसेल, आणि इकडे कॉइलमधून वीज टाकीत उतरत असेल, तर सगळा धातूचा सांगाडा जिवंत होतो. आत असणाऱ्याला काही कळत नाही. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला कळतं. आपल्याकडे तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात कसातरी खुपसायची सवय आहे. ती सवय इथे आणू नका. पायरीला हात लागल्यावर मुंग्या आल्या तर हवा कोरडी असेल म्हणून सोडून देऊ नका. कोरड्या चपला घालून खांबाकडे जा, ब्रेकर पाडा, वायर काढा. नवीन जागी वायर जोडण्याआधी खांबाचं अर्थिंग तपासणारा छोटा टेस्टर लावायची सवय करा. सांगाडा एकदा जरी जिवंत आढळला, तर दोष सापडेपर्यंत मुलांना त्या पायरीवर चढू देऊ नका आणि काम जाणकार वायरमनकडे सोपवा.

घरी परतल्यावर मी नवी कॉइल बसवली. टाकी रिकामी केली, जुनी काढली. तिच्या मध्यभागी वेष्टन फुगून चिरलेलं होतं आणि चिरेभोवती निळसर-काळा डाग होता. नवी मोजली, 10.1 ओहम. आईने एका कागदी पट्टीवर ‘आधी पाणी’ असं लिहून दिलं, ती हीटरच्या ब्रेकरवर आडवी चिकटवली आहे. पट्टी उचलल्याशिवाय ब्रेकर चढत नाही.

तुमच्याकडे आरव्ही असेल तर अशी पट्टी आजच चिकटवा. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा पाणी भराल तेव्हा तिन्ही कॉक डोळ्यांनी बघा, आणि टाकी गार असतानाच सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचला. पाणी आलं तरच ब्रेकर चढवा.